दरवाजे उघडण्याआधी

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट येऊ लागते. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. प्रत्येक तलावाची आजची पातळी, शेजारी गेल्या वर्षीची, तळाशी एकूण साठा. सातही तलाव भरले की वापरण्याजोगं पाणी १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर होतं. त्यातलं जवळजवळ निम्मं, ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, एकट्या भातसाचं. मुंबईकर ती चौकट पाहतो आणि यंदा पाणीकपात टळणार का याचा अंदाज बांधतो. जनसंपर्काच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, सरकारी यंत्रणेने लोकांशी ठेवलेल्या संवादाचं इतकं साधं आणि चोख उदाहरण क्वचितच सापडेल. विशेषण नाही, कुणाचा फोटो नाही, दावा नाही. आकडा रोज येतो आणि तो खरा असतो, एवढ्यावर लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला आहे.

हा आकडा जिथून निघतो तिथे मी वाढले. भातसानगर ही शहापूर तालुक्यातली, धरणासाठी वसवलेली पाटबंधारे खात्याची वसाहत. बाबा खात्यात होते. पावसाळ्यात रात्रपाळीला गेले की पातळी नोंदवायची, बिनतारी यंत्रावरून वर कळवायची, तासाभराने पुन्हा तेच. १४२.०७ मीटर, म्हणजे धरण पूर्ण भरल्याची पातळी, हा आकडा आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ होता. पाणी त्या रेषेकडे सरकायला लागलं की बाबांचं जेवणात लक्ष नसायचं.

कारण मग दरवाजे उघडावे लागतात, आणि ते उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना कळवावं लागतं. माझ्या लहानपणी धरणावरून निरोप निघायचा तो तहसीलदारांकडे आणि पोलीस ठाण्यात. तिथून मंडल अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील. गावात कोतवाल नाहीतर ग्रामपंचायतीचा शिपाई दवंडी देत फिरायचा. शहापूर-मुरबाड रस्त्यावर सापगावला भातसेवर पूल आहे, तिथल्या लोकांना आधी सावध करावं लागतं, कारण पाणी चढलं की दोन तालुक्यांचा रस्ताच तुटतो. आता हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरही जातं, पण तेव्हा माणसामागून माणूस असाच निरोप पोचायचा.

बाबा आणि त्यांच्या सोबत्यांचं बोलणं ऐकत मी मोठी झाले. त्यात एक प्रश्न हटकून असायचा. कुणी म्हणालं, "अमुक गावाला निरोप दिला," की बाबा विचारायचे, "कुणाच्या हातात दिलास? पलीकडच्या वाडीला कोण सांगणार?" नदीपल्याड गुरं घेऊन गेलेला पोरगा, रात्री जाळं टाकून बसलेली कातकरी माणसं, भाताच्या लावणीला उतरलेल्या बाया, या लोकांपर्यंत निरोप गेला नाही तर बाकी सगळी कागदपत्रं बिनकामाची होती. आणि दुसरी गोष्ट. उगाच घाबरवायचं नाही. चार वेळा "पाणी सोडणार" म्हणून सांगितलं आणि सोडलं नाही, तर पाचव्या वेळी कुणी नदीतून वर येणार नाही. पुढे मोठमोठ्या पुस्तकांत विश्वासार्हता, लक्ष्यगट, माध्यमाची निवड असली प्रकरणं वाचली, तेव्हा मला त्यांत अवघड असं काही वाटलं नाही.

शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयातून बी.ए. केलं आणि मुंबईत जनसंपर्काची पदविका घेतली. आमच्याकडे पदवीनंतर डी.एड., बी.एड., पोलीस भरती, तलाठी भरती किंवा आसनगाव-वाशिंदच्या कारखान्यांत सुपरवायझर, एवढेच रस्ते लोकांना दिसायचे. आईला मी काय शिकते हे शेजारणींना सांगता यायचं नाही. तिने स्वतःच त्यावर तोड काढली होती: "पेपरात बातम्या येतात ना, त्या आधी हिच्याकडे येतात." माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर कुणी करून दाखवलेलं नाही.

पहिली नोकरी मुंबईतल्या एका एजन्सीत लागली. पहाटेची एस.टी., आसनगावहून कसारा लोकल, दोन तासांच्या आसपास प्रवास. नव्या माणसाच्या वाट्याला तेव्हा येणारी कामं ठरलेली असत. सकाळी सगळी वर्तमानपत्रं चाळायची, क्लायंटचं नाव जिथे जिथे आलं असेल ती कात्रणं काढायची, चिकटवायची, तारीख-पान-आवृत्ती लिहायची, दहाच्या आत फॅक्स करायची. मग पत्रकारांची यादी ताजी ठेवायची: कोण कुठल्या बीटवर आहे, कोणाची बदली झाली, कोण किती वाजेपर्यंत फोन घेतो. मग फोन. "सर, प्रेसनोट मिळाली का?" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं असेल की झोपेतही म्हणत असावी. बरोबरीची मुलं या कामाला कंटाळून सोडून गेली. मला ते कधी हलकं वाटलं नाही. महिनोन् महिने रोज दहा-बारा वर्तमानपत्रं शेवटच्या पानापर्यंत वाचली की कुठल्या संपादकाला काय रुचतं, कुठली बातमी पहिल्या पानावरून आत ढकलली जाते, ठाण्याच्या आवृत्तीत काय चालतं आणि नाशिकच्या आवृत्तीत काय, हे अंगात मुरतं. ज्यांना आज या क्षेत्रात यायचं आहे त्यांना मी हेच सांगते: पहिली दोन वर्षं वाचण्यात घाला. कात्रणं आता संगणक काढून देतो, पण वाचायचं काम तुमच्याकडेच उरतं.

महिनाअखेर क्लायंटला अहवाल जायचा. त्यात पट्टी घेऊन मोजलेले कॉलम-सेंटिमीटर आणि तेवढ्या जागेची जाहिरात दिली असती तर किती खर्च आला असता, तो आकडा. मला हा हिशेब पहिल्यापासून खटकायचा. नदीकाठच्या गावाला दिलेल्या इशाऱ्याचं मोल कॉलम-सेंटिमीटरमध्ये कसं काढणार? पुढे २०१० मध्ये बार्सिलोना इथे या व्यवसायातल्या जगभरच्या संस्था जमल्या आणि त्यांनी स्पष्ट ठरवलं की जाहिरातीच्या दराशी केलेली ही तुलना जनसंपर्काचं मोजमाप नव्हे. लोकांच्या समजुतीत, वागण्यात काय फरक पडला ते मोजा. बार्सिलोनाची तत्त्वं म्हणून ती ओळखली जातात. आपल्याकडच्या अनेक अहवालांत तो जुना आकडा त्यानंतरही डोकावत राहिला. तो विचारणाऱ्या क्लायंटला मी आजही नम्रपणे नाही म्हणते.

एजन्सीत मला जागा मिळाली ती मराठी प्रेसनोटांमुळे. मुख्य मजकूर इंग्रजीत तयार व्हायचा आणि त्याचं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं जायचं. असला कागद उपसंपादक वाचतही नाही. मी इंग्रजी मजकूर बाजूला ठेवून मूळ माहिती मागायला लागले. कंपनी मुरबाडच्या एमआयडीसीत नवं युनिट टाकते आहे ना, मग किती माणसं लागणार, आयटीआय झालेल्यांना जागा आहे का, अर्ज कुठे करायचा, बस कल्याणहून सुटणार की मुरबाडहून. अध्यक्षांच्या दूरदृष्टीबद्दलचा परिच्छेद शेवटी, जागा उरली तर. वरिष्ठ मॅडम आधी साशंक होत्या. पण ती बातमी ठाणे जिल्ह्याच्या पानावर ठळक लागली आणि कंपनीच्या गेटवर अर्ज घेऊन मुलं आली, तेव्हा मराठीचं सगळं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं.

त्याच काळात तालुक्याच्या वार्ताहरांशी माझं नातं जमलं. हा माणूस या सगळ्या व्यवसायाचा कणा आहे, आणि मोठ्या शहरातल्या एजन्सींच्या याद्यांत त्याचं नावही नसतं. तो बहुधा पूर्णवेळ पत्रकार नसतो. कुणाचं झेरॉक्सचं दुकान, कुणी शिक्षक, कुणाची शेती. मानधन किरकोळ, वर दिवाळी अंकाच्या आणि वर्धापनदिनाच्या जाहिराती गोळा करण्याचा तगादा. पण डोळखांबच्या पुढच्या कुठल्या पाड्याचा रस्ता वाहून गेला, किन्हवलीच्या बाजारात भाताला काय भाव निघाला, म्हशाच्या यात्रेत यंदा बैल किती आले, हे त्यालाच ठाऊक. त्याच्याशी वागण्याच्या काही रीती मी पाळत आले. तालुक्याचं पान लवकर लागतं, म्हणून माहिती दुपारी दोनच्या आत द्यायची. फक्त "बातमी लावा" म्हणून गळ घालायची नाही; गावाचं नाव, माणसाचं पूर्ण नाव, आकडा, आणि खातरजमा करायला एक फोन नंबर द्यायचा. मुंबईच्या पत्रकारांना जेवण आणि याला चहा, असा भेद करायचा नाही. आणि त्याने आपल्या क्लायंटविरुद्ध बातमी दिली, ती खरी असेल, तर त्याच्या संपादकाकडे तक्रार न्यायची नाही. हा शेवटचा नियम पाळणं सर्वांत कठीण असतं.

या व्यवसायाचा इतिहास शिकवताना अमेरिकेतल्या आयव्ही ली यांचं नाव हटकून येतं. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासावर माणसं गेली. अशा वेळी कंपन्या पत्रकारांना दारात उभं करत नसत. ली यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेला उलट सल्ला दिला: झालं ते आपणच लिहून द्या, पत्रकारांना जागेवर न्या. ते निवेदन म्हणजे पहिली प्रेसनोट, असं मानतात. आपल्याकडे १९४० च्या दशकात टाटांनी स्वतंत्र जनसंपर्क विभाग उघडला आणि १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. हे सगळं परीक्षेला येतं. पण आमच्या मुरबाड आणि शहापूर तालुक्यांनी गेल्या काही वर्षांत या विषयाचे जे धडे दिले, ते कुठल्याही अभ्यासक्रमात घालण्याजोगे आहेत.

२०१६ सालचीच दोन उदाहरणं घ्या. दोन्ही मुरबाड तालुक्यातली. ८ मार्चला फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. पारायणाच्या वेळी गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या की आम्हालाही वाचता आलं असतं तर, आणि त्यातून शाळा उभी राहिली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी, शिकवणारी गावातलीच सून. ती बातमी देश ओलांडून गेली. कुणा एजन्सीने ती पेरली नव्हती. जे होतं ते डोळ्यांना दिसत होतं आणि जो कॅमेरा जाईल त्याला तेच दिसत होतं. त्याच वर्षी नोटाबंदीनंतर, १ डिसेंबरला, धसई हे गाव राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. मंत्री आले, दुकानादुकानांत कार्डाची यंत्रं बसली, वडापावही कार्डावर मिळतो अशी छायाचित्रं छापून आली. वर्षभराने पत्रकार पुन्हा गेले तेव्हा बरेचसे व्यवहार रोखीवर परतले होते. धसईच्या व्यापाऱ्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला होता, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण नेटवर्क, बँकेचं शुल्क, आठवडी बाजाराला येणाऱ्या आदिवासी गिऱ्हाइकाकडे कार्ड आहे की नाही, हे सगळं बघायच्या आधी घोषणा झाली होती. फांगण्यात काम पुढे होतं आणि बातमी मागून आली. माझ्याकडे नवा क्लायंट आला की मी याच क्रमाबद्दल विचारते.

एकदा हा क्रम पाळण्यासाठी भांडावंही लागलं. एका कंपनीने सामाजिक निधीतून एका पाड्यावर नळयोजना केली होती. नाव नको. टाकी झाली, नळ लागले, पण विजेची जोडणी मिळाली नव्हती, पाणी यायला महिना तरी होता. कंपनीला मात्र आर्थिक वर्ष संपायच्या आत छायाचित्रं हवी होती: नवा नळ, हंडा, हसऱ्या बायका. छायाचित्रकार घेऊन आम्ही पाड्यावर पोचलो. बायका नटून आल्या होत्या, कुणीतरी त्यांना बोलावून ठेवलं होतं. एकीने नळाची चावी फिरवली, वाकून तोटीत बघितलं आणि मला सरळ विचारलं, "ताई, आधी फोटू का आधी पाणी?" तिच्या पायाशी सकाळीच विहिरीवरून आणलेला हंडा होता, त्यावर फडकं बांधलेलं. छायाचित्रकार म्हणत होता, हंड्यातलं पाणी वरून ओतू, काही कळणार नाही. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "परत ये. क्लायंटशी मी बोलते." बोलणं बरंच ताणलं गेलं, त्या वर्षीचं कंत्राट हातचं जायची पाळी आली. पण फोटो काढला गेला तो पाणी आल्यावर. या व्यवसायात चांगला वरिष्ठ मिळणं हे पगारापेक्षा मोठं आहे, ते मला त्या दिवशी पटलं.

जनसंपर्काचं सर्वांत खडतर काम मी ज्यांना करताना पाहिलं, ती मुलं स्वतःला जनसंपर्कवाली म्हणवत नव्हती. समृद्धी महामार्गाची जमीन घ्यायला सुरुवात झाली तेव्हा शहापूर तालुक्यात कडवा विरोध होता. रस्ते विकास महामंडळाने गावोगाव संवादक नेमले. त्यात आसपासचीच शिकलेली पोरं होती. शेतकऱ्याच्या ओटीवर बसून त्यांना जे प्रश्न ऐकावे लागले, त्यांची उत्तरं कुठल्याही माहितीपुस्तिकेत नव्हती. माझ्या गट नंबरातून किती गुंठे जाणार? विहीर धरली का? आंबे मोजले का? सातबारावर चार चुलत भावांची आणि दोन बहिणींची नावं आहेत, पैसे कुणाच्या खात्यात? रस्त्यापलीकडच्या तुकड्यात बैल न्यायचे कसे? ज्या संवादकाने "विचारून सांगतो" म्हटलं आणि खरोखरच दोन दिवसांनी कागद घेऊन परत आला, त्याच्यासाठी पाट टाकला गेला. ज्याने फक्त गोड बोलून वेळ मारून नेली, त्याला पुन्हा ओटीवर जागा मिळाली नाही. त्या रस्त्याचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला खुला झाला. उद्घाटनाच्या बातम्यांत या संवादकांचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आला नाही. मला तो हवा होता.

आता थोडं पाण्याबद्दल, कारण त्याखेरीज भातसानगरच्या माणसाचं बोलणं पुरं होत नाही. तानसा आमच्या तालुक्यात, भातसा आमच्या तालुक्यात. आणि दर उन्हाळ्यात कसाऱ्याकडच्या गावपाड्यांत टँकर चालू होतात. धरणं खाली, पाडे डोंगरावर, योजना अर्धवट, विहिरी मार्चमध्ये तळ गाठणाऱ्या. कारणं सर्वांना माहीत आहेत. मला खुपतं ते हे की धरणाकडून शहराकडे रोज बातमी जाते आणि उलट दिशेने काहीच जात नाही. मुंबईच्या वाचकाला भातसाची पातळी सेंटिमीटरपर्यंत माहीत असते, पण त्याच दिवशी शहापूर तालुक्यात किती पाड्यांना टँकर चालू आहेत हे माहीत नसतं. हा आकडा गुप्त नाही. तो पंचायत समितीत आणि तहसील कार्यालयात असतो. म्हणून मी आणि काही वार्ताहर मित्र उन्हाळ्यात तो दर आठवड्याला मिळवतो, तलावांच्या चौकटीइतक्याच आकाराची, तितकीच कोरडी एक चौकट करतो आणि मुंबईच्या संपादकांना पाठवतो. सोबत लेख नाही, आवाहन नाही. काही जण छापतात, काही नाही. आम्ही पाठवत राहतो. सात तलावांच्या खाली आठवी ओळ म्हणून हा आकडा रोज छापून यावा, असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी खेटे घालायची माझी तयारी आहे.

एजन्सी सोडून मी आता शहापुरातूनच काम करते. ठाणे जिल्ह्यातली दोन-तीन रुग्णालयं, एक शिक्षणसंस्था, शेतकऱ्यांच्या काही कंपन्या, कधी एखाद्या कारखान्याचं काम. मुंबईतल्या पगाराच्या मानाने सुरुवातीला बरंच कमी मिळालं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी बरोबरी झाली. तालुक्यातल्या मुली-मुलं भेटायला येतात. कुणाला महाविद्यालयानंतर लगेच मुंबईला जायचं असतं, कुणाला घर सोडायचं नसतं. त्यांना मी दोन्ही वाटा खुल्या असल्याचं सांगते. ज्यांना सरकारी नोकरी हवी त्यांनी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडे बघावं. जिल्हा माहिती अधिकाऱ्याची पदं लोकसेवा आयोगामार्फत भरतात. महापालिका, रेल्वे, मोठी रुग्णालयं, सहकारी बँका यांनाही माणसं लागतात. इंग्रजी यायलाच हवं, ते टाळून चालणार नाही. पण मराठी नीट लिहिणारा माणूस त्यांना इंग्रजीवाल्याहून कष्टाने मिळतो.

आणि माझ्याकडे शिकायला राहू म्हणणाऱ्याला मी आधी एक काम देते. आपल्या गावच्या ग्रामसभेला जा, शेवटपर्यंत बस, आणि जे झालं ते दोनशे शब्दांत लिहून आण. सरपंच काय म्हणाले ते सगळेच आणतात. मागच्या रांगेतून कुणी काय विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं का, हे जी मुलगी लिहून आणते, तिला मी दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावते. सध्या माझ्याकडे अशी एक आहे, किन्हवलीकडची. येत्या आठवड्यात तिला पहिल्यांदाच एका रुग्णालयाची पत्रकार परिषद एकटीने सांभाळायची आहे. परवा विचारत होती, तालुक्याच्या वार्ताहरांना आमंत्रण पाठवू का. मी म्हटलं, आमंत्रण पाठव, आणि शहापूरहून ठाण्याला यायला त्यांना गाडी मिळेल का तेही आताच विचारून घे.